हा हात कुणाचा?

आईचं डावं अंग गेलं, त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची गोष्ट. तोवर आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ किती वाकडा झालाय, शब्द नीट येतात की नाही, ओळखते की नाही. शब्द नीट येत होते. ओळखत सगळ्यांना होती. त्या दुपारी तिने उजव्या हाताने डावा हात मनगटाशी धरला, अंथरुणात कुणाची तरी विसरलेली वस्तू सापडावी तसा वर उचलला आणि मला विचारलं, "हा हात कुणाचा आहे रे?"

"तुझाच आहे, आई."

"छे. माझा नाही हा. माझा असा नव्हता कधी."

तिने तो अलगद खाली ठेवला आणि उजव्या हाताने थोडा दूर सरकवला.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली होती, म्हणून डावी बाजू गेली. अशा काही रुग्णांना आपला हात किंवा पाय आपला वाटतच नाही, तो दुसऱ्या कुणाचा आहे असं ते शपथेवर सांगतात. ते म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही. हाड, स्नायू, कातडी, रक्त, सगळं जागच्या जागी आहे. बातमी पोचत नाही, एवढंच." ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. बातमी पोचत नाही.

त्या काळात मी चिनी तत्त्वज्ञान वाचत होतो. मला चिनी येत नाही. इंग्रजी भाषांतरं आणि एक शब्दकोश, एवढ्यावर माझं चाललं होतं. आईला नाशिकच्या घरी आणल्यावर रात्री तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून मी बसायचो, आणि टेबललॅम्पवर टॉवेल टाकून उजेड फक्त पानावर पडेल असं करायचो. अशाच एका रात्री अकराव्या शतकातल्या चेंग हाओचं एक वचन समोर आलं. हा लोयांगचा माणूस, 1032 ते 1085 हा त्याचा काळ. तो म्हणतो, वैद्यकाच्या ग्रंथांत हातपाय लुळे पडून बधिर होण्याला 'बू-रेन' म्हटलं आहे, आणि हे नाव अगदी नेमकं आहे.

'रेन' हा कन्फ्युशियसच्या शिकवणीतला सगळ्यात मोठा शब्द. माणुसकी, करुणा, जिव्हाळा, यांतलं काहीही म्हणा, थोडं उरतंच. 'बू' म्हणजे नाही. एरवी 'बू-रेन' म्हणजे निर्दय, ज्याच्यात माणुसकी नाही असा. आणि वैद्याच्या तोंडी तोच शब्द बधिर झालेल्या अवयवासाठी. चेंग हाओने दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी ठेवले. ज्याच्यात रेन आहे त्याला आकाश, पृथ्वी आणि सगळे पदार्थ मिळून एकच शरीर वाटतं, त्यातलं काहीही परकं वाटत नाही. ते आपलं वाटेनासं झालं, की त्याचं आपल्याशी काही देणंघेणं उरत नाही. हातापायांना रेन नसावं, त्यांतून प्राण वाहायचा थांबावा, आणि मग ते आपले म्हणून राहू नयेत, तसं.

मी पुस्तक मिटलं. पलंगावर आईचा तो हात पालथा पडला होता. बोटं किंचित आत वळलेली.

आजच्या रोजच्या चिनी बोलण्यातही हे टिकून आहे. एखादा माणूस कशानेच हलत नाही, डोळ्यांदेखत काहीही घडलं तरी त्याला काही वाटत नाही, अशासाठी ते 'मा-मू बू-रेन' म्हणतात. 'मा' म्हणजे बधिरपणा, मुंग्या. 'मू' म्हणजे लाकूड. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी आईचा हात पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पार लाकूड झालंय की ओ हाताचं." त्यांना चीन कुठे आहे हेही ठाऊक नसेल. हाताला हात लावल्यावर तोच शब्द सुचतो, इतकंच.

नंतर मी त्या वैद्यकाच्या ग्रंथांतही थोडं शिरलो. 'हुआंगदी नेइचिंग' हा चिनी वैद्यकाचा पाया मानला जाणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात एके ठिकाणी म्हटलंय की शरीराचं पोषण करणारी 'ची', म्हणजे अंगातून वाहणारा प्राण, क्षीण झाली की अवयव बू-रेन होतो, रक्षण करणारी ची क्षीण झाली की तो निकामी होतो, आणि दोन्ही गेल्या तर बधिरही होतो आणि निकामीही. पुढे तीन-चार अक्षरांत एक निरीक्षण आहे: मांस मात्र पूर्वीसारखंच. आणि मग, माणसाचं शरीर आणि त्याची इच्छा एकमेकांची राहिली नाहीत, की त्याला मरण म्हणायचं.

मांस मात्र पूर्वीसारखंच. आमच्या डॉक्टरांनी व्हरांड्यात उभं राहून जे सांगितलं तेच हे.

आता ज्या शब्दापासून खरं तर सुरुवात करायला हवी होती त्याकडे येतो. चिनी लिपीत 'शिन' नावाचं चार फटकाऱ्यांचं एक अक्षर आहे. एक आडवा वाकलेला आकडा आणि तीन ठिपके. मुळात ते हृदयाचं चित्र. पण या अक्षराने हृदयही दाखवायचं आणि मनही. भावना इथे, विचारही इथेच. मेन्शियस, म्हणजे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला मंगझी, साफ सांगतो की डोळ्याकानांचं काम विचार करणं नाही, विचार करणं हे शिनचं काम. इंग्रजी भाषांतरकार या शब्दापाशी येऊन अडखळतात आणि हृदय व मन यांच्यामध्ये एक छोटी आडवी रेघ देऊन दोन्ही शब्द जोडून टाकतात.

ते अक्षर इतर किती अक्षरांच्या तळाशी किंवा कडेला बसलंय हे पाहण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या. 'नाहीसं होणं' याच्याखाली हृदय ठेवलं की विसरणं. शरद ऋतूखाली हृदय, की विषाद. शस्त्राच्या पात्याखाली हृदय, की सोसणं. 'आत्ता' याच्याखाली हृदय, की मनात धरून ठेवणं, आठवण काढणं. आणि विचार करणं या अर्थाच्या अक्षरात आज वरच्या बाजूला शेताचं चिन्ह दिसतं, पण जुन्या लिपीत तिथे टाळू होती, लहान बाळाच्या डोक्यावर लुकलुकते ती. टाळूखाली हृदय, म्हणजे विचार. ज्याने कुणी ते पहिल्यांदा काढलं त्याने लहान मूल मांडीवर घेतलं असणार.

मराठी माणसाला हे समजून घ्यायला फारसे कष्ट पडू नयेत. आपल्याकडे मन आहे, चित्त आहे, पण खरं काही झालं की आपण तिथे थांबत नाही. काळजात चर्र होतं. पोटात तुटतं, पोटात कालवतं. जीव खालीवर होतो. माया तर पोटातच असते. ज्या भाषेत आई लेकराला पोटाशी धरते आणि चूकही पोटात घालते, तिला मन हे शरीराबाहेर कुठेतरी अधांतरी राहतं, हे पटणं अवघड आहे.

आणि या दोन भाषांचं नातं केवळ मी जुळवलेलं नाही. भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा 'चित्त' या शब्दासाठी त्यांनी शिन हेच अक्षर घेतलं, आणि 'हृदय' यासाठीही तेच. सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रातून जाऊन आलेला ह्युएन त्संग, ज्याने इथल्या माणसांच्या अभिमानी स्वभावाबद्दल लिहून ठेवलं आणि ज्याला आपण शाळेच्या इतिहासात एका परिच्छेदात उरकतो, त्याने मायदेशी परतल्यावर 649 साली 'प्रज्ञापारमिताहृदय' चिनीत आणलं. तेव्हा त्यातलं 'हृदय' शिन झालं, आणि त्याच ग्रंथात आवरणरहित झालेलं 'चित्त'ही शिनच झालं. दोन संस्कृत शब्द गेले आणि एका चित्रात मावले.

मेंदूचं काय, असं कुणी विचारेल. सोळाव्या शतकात ली शिझेन या मोठ्या औषधितज्ज्ञाने मेंदूला मूळ चैतन्याचं घर म्हटलं होतं. पण ठासून बोलला तो वांग चिंगरेन. हा वैद्य 1797 साली साथीत दगावलेल्या मुलांना जिथे उथळ पुरलं होतं तिथे दिवसामागून दिवस जाऊन उघड्या पडलेल्या देहांतले अवयव पाहत राहिला, कारण जुन्या ग्रंथांतल्या आकृत्यांवर त्याचा विश्वास नव्हता. 1830 साली त्याचं पुस्तक आलं आणि त्यात त्याने लिहिलं की बुद्धी आणि स्मृती हृदयात नाही, मेंदूत आहे. याच वैद्याने अर्धांगवायूवर एक काढा सांगितला, तो तिकडे अजून वापरात आहे. माणसाच्या अंगात दहा भाग ची असते, पाच डावीकडे आणि पाच उजवीकडे. पाच खर्ची पडले आणि उरलेले पाच एकाच बाजूला गोळा झाले की दुसरी बाजू रिती होते, असा त्याचा हिशेब. म्हणून काढ्याच्या नावातच 'पाच परत आणणारा' असं आहे. आईला मी आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांखेरीज काही दिलं नाही. पण 'पाच परत आणणारा' हे शब्द मी तिच्या तळव्याला तेल चोळताना मनात म्हणत असे.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची होती. मी तिला ताई म्हणायचो, ती मला काका. तिने शिकवलेले व्यायाम मी संध्याकाळी आईकडून करून घेत असे. मला घाई झाली होती. महिना झाला, दीड महिना झाला, बोटं उघडेनात. एकदा मी जोर लावून हात वर ओढत होतो आणि ताई तेवढ्यात आली. तिचा चेहराच उतरला. "काका, ओढू नका. खांद्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत, सांधा निसटेल. आणि आजींना दुखलं तरी कळणार नाही."

मेन्शियसने सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. रोपं वाढत नाहीत म्हणून काळजीत पडलेला हा माणूस एक दिवस शेतात जाऊन एकेक रोप वर ओढून आला आणि घरी येऊन म्हणाला, आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतावर गेला तर सगळी रोपं सुकलेली. मनाची वाढ कशी करायची हे सांगताना मेन्शियस ही गोष्ट सांगतो. विसरायचं नाही, आणि ओढायचंही नाही. मी ती गोष्ट आधी वाचलेली होती. वाचली असून ओढत होतो.

मेन्शियसचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण विहिरीचं. रांगतं मूल विहिरीच्या काठाशी पोचलंय आणि आता पडणार, हे अचानक पाहिलं तर कुणाच्याही काळजात धस्स होईल. मुलाच्या आईबापांशी ओळख व्हावी म्हणून नव्हे, गावात नाव व्हावं म्हणून नव्हे, त्याचं रडणं कानाला नकोसं होईल म्हणूनही नव्हे. मला या उताऱ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो माणूस धावला आणि त्याने मुलाला वाचवलं, असं मेन्शियस कुठेही म्हणत नाही. धस्स झालं, इथेच तो थांबतो. हा अंकुर, म्हणतो. असे चार अंकुर माणसात असतात, जसे त्याला दोन हात आणि दोन पाय असतात. आणि असे अंकुर असूनही 'मला जमणार नाही' असं जो म्हणतो तो स्वतःलाच इजा करत असतो. हातापायांची उपमा त्याने सहज दिली असेल. चेंग हाओ तेराशे वर्षांनी आला आणि त्याने ती उपमा घेऊन विचारलं, हात आहे, पण बधिर झाला तर?

सहाव्या महिन्यात माझं ते झालं.

पहाटे तीनच्या सुमाराला आईने हाक मारली. पाणी हवं होतं. मी जागा होतो. डोळे मिटलेले होते पण मी जागा होतो, आणि हाक मला नीट ऐकू आली, तिच्या आवाजातला संकोचही ऐकू आला. मी हललो नाही. दुसरी हाक आली. मग शेजारच्या खोलीतून बायको उठून आली, तिने पाणी पाजलं, आईला कुशीवर वळवलं, आणि दिवा मालवून गेली. मी श्वाससुद्धा झोपलेल्या माणसासारखा घेत होतो. मला त्या वेळी काही वाटलं नाही. थकवा होता म्हणावं तर थकवा रोजच असे. काही वाटलंच नाही, हे मला सकाळी चहा घेताना कळलं. मांस मात्र पूर्वीसारखंच.

मग मी वांग यांगमिंग या तत्त्वज्ञाकडे वळलो, आणि तो मला सोपा गेला नाही. 1472 ते 1529 हा त्याचा काळ. तरुणपणी झू शी या आधीच्या मोठ्या विचारवंताच्या शिकवणीप्रमाणे 'वस्तूंचा शोध घ्यायचा' म्हणून तो आणि त्याचा मित्र बांबूंसमोर बसले, त्यातलं तत्त्व दिसावं म्हणून. मित्र तिसऱ्या दिवशी आजारी पडला, वांग सातव्या. पुढे दरबारात एका बलाढ्य अधिकाऱ्याच्या विरोधात अर्ज केला म्हणून त्याला भर दरबारात फटके बसले आणि दूर नैर्ऋत्येला, ग्वीझोऊच्या डोंगरांत, लोंगचांग नावाच्या टपालाच्या ठाण्यावर पाठवलं गेलं. तिथे 1508 साली एका मध्यरात्री त्याला उमगलं की तत्त्व बाहेर बांबूंत शोधायचं नव्हतंच, शिन हेच तत्त्व. चिनी विचाराच्या इतिहासात ही रात्र फार मोठी मानतात. मी मात्र तिच्या आधीच्या दिवसांत अडकलो. त्याच्याबरोबर आलेले नोकर सगळे आजारी पडले होते. वांगने स्वतः लाकडं फोडली, पाणी आणलं, पेज शिजवून त्यांना भरवली. ते खिन्न होऊन पडलेत असं पाहून त्यांना कविता म्हणून दाखवल्या. त्याने बरं वाटेना, तेव्हा त्यांच्या मुलखातली गाणी म्हटली आणि त्यांना हसवलं. म्हणजे ती रात्र शुश्रूषा करणाऱ्या माणसाची रात्र होती. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत हे एका ओळीत येतं.

पुढच्या वर्षीची गोष्ट त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. राजधानीकडून आलेला एक सामान्य कारकून आपला मुलगा आणि नोकर यांना घेऊन नेमणुकीच्या जागी चालला होता. त्याचं नावही कुणाला कळलं नाही. एका चढणीवर आधी तो गेला, मग मुलगा, मग नोकर. देह उघड्यावर पडलेत हे कळताच वांगने दोन पोरांना टोपली आणि फावडं घेऊन चलायला सांगितलं. पोरांच्या चेहऱ्यावर नाखुशी दिसली. तेव्हा तो म्हणाला, "अरे, मी आणि तुम्ही त्यांच्यासारखेच आहोत." पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती आपणहून निघाली. डोंगराच्या पायथ्याशी तीन खड्डे खणले, एक कोंबडी आणि तीन वाडगे भात ठेवला.

ज्ञान आणि कृती एकच, असं वांगचं म्हणणं. कळतं पण वळत नाही, ही आपली म्हण त्याने मान्य केली नसती. वळलं नाही म्हणजे कळलंच नाही, इतकंच तो म्हणतो. दुखणं काय हे कळायला आधी स्वतःला दुखलेलं असावं लागतं, थंडी कळायला थंडी वाजलेली असावी लागते. मला आईची हाक ऐकू आली होती, म्हणजे बातमी कानापर्यंत पोचली होती. पुढे नाही पोचली. त्या पोरांनाही रस्त्यात मेलेल्या माणसांची बातमी होतीच. एका वाक्याने ती पोचली.

हे सगळे विचारवंत मनाची रचना सांगत बसत नाहीत. मन किती लांबवर पोचतं हे विचारतात. चेंग हाओचा गुरू झोऊ दुनयी आपल्या खिडकीसमोरचं गवत कापू देत नसे. का, असं विचारलं तर म्हणाला, त्याला जे वाटतं ते माझ्यासारखंच. वांग म्हणतो, मूल विहिरीशी पाहून धस्स होतं, ठीक, मूल आपल्याच जातीचं. पण पशुपक्षी भेदरून ओरडतात तेव्हाही सोसवत नाही. ते सजीव म्हणाल, तर झाडाची फांदी मोडलेली पाहून हळहळतोच. झाडही जिवंत म्हणाल, तर फुटलेली कौलं आणि दगड पाहूनही रुखरुख लागते. कौलांपर्यंत येऊन तो थांबतो. जुनं घर पाडताना पाहिलेल्या कुणालाही यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

इथे आपल्याकडचा वाचक पटकन म्हणतो, अहो, हे तर आपलं अद्वैतच. मीही म्हणालो होतो. आता मला तसं वाटत नाही. झांग झाई, हा चेंग हाओच्या वडिलांचा नात्यातला भाऊ, त्याने जगाला माया म्हणणाऱ्या बौद्धांवर कडक टीका केली आहे. त्याच्या मते सगळं विश्व ची आहे, आणि ची खरी आहे. पाण्यात बर्फ गोठावा आणि विरघळावा तशा वस्तू तिच्यातून बनतात आणि तिच्यात जातात. बर्फ खोटा नसतो. त्याने आपल्या अभ्यासिकेच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक मजकूर लिहून ठेवला होता, आकाश माझा पिता आणि पृथ्वी माझी आई, असा सुरू होणारा. त्यात एक वाक्य आहे: जगात जे कुणी थकलेले, अपंग, आजारी, निराधार, विधुर आणि विधवा आहेत, ते सगळे माझे भाऊ आहेत, अडचणीत सापडलेले आणि गाऱ्हाणं सांगायला कुणी नसलेले. इथे भेद पुसून एक व्हायचं नाही. आई ही आईच राहते, भाऊ हा भाऊच राहतो, आणि नात्याची वीण तशीच ठेवून ती लांबवर न्यायची. घरातल्या म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांसारखं जपा आणि मग ते दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांपर्यंत न्या, असं मेन्शियसही म्हणतो. सुरुवात घरातून. मला हे अद्वैतापेक्षा अवघड वाटतं, कारण यात घरातल्या माणसापासून सुटका नाही.

वांगच्या आयुष्यातली फुलांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. नानझेनला फिरत असताना एका मित्राने डोंगराच्या कड्यात फुललेलं झाड दाखवून विचारलं, शिनच्या बाहेर काही नाही म्हणता, मग हे झाड इथे आपोआप फुलतं आणि गळतं, त्याचा माझ्या शिनशी काय संबंध? वांग म्हणाला, तू पाहिलं नव्हतंस तोवर फूल आणि तुझं शिन दोन्ही निःशब्दात होती. तू पाहिलंस आणि फुलाचे रंग एकदम उजळले. पुष्कळ जण याचा अर्थ, पाहिल्याशिवाय फूल नसतंच, असा लावतात. मला तसं वाटत नाही. 'दोन्ही' या शब्दावर माझा भर आहे. फूल एकटंच अंधारात नव्हतं. पाहणाराही तेवढाच अंधारात होता. आईचा हात पलंगावर निःशब्द पडला होता, आणि त्या बाजूने आईही तेवढीच निःशब्द होती.

या साऱ्यावर खरा आक्षेप झू शीचा. 1130 ते 1200. त्याने लावलेले कन्फ्युशियसच्या परंपरेतल्या चार ग्रंथांचे अर्थ 1313 पासून पुढे 1905 पर्यंत सरकारी परीक्षांचा पाया होते, म्हणजे सहाशे वर्षं चीनमधला शिकलेला माणूस याच्या तालमीत वाढला. त्याच्या लेखी मनही ची आहे, फक्त तिचा सगळ्यात तलम आणि स्वच्छ भाग. चेंग हाओचा शिष्य श्ये ल्यांगझुओ याने गुरूचं म्हणणं पुढे नेऊन सांगितलं होतं की जाणीव असणं हेच रेन. त्याने दाखला दिला होता पीच आणि जर्दाळूच्या बियांचा. आतल्या गराला चिनीत रेनच म्हणतात, कारण तो पेरला की उगवतो, त्यात जीव असतो. किती सुंदर दाखला आहे. पण झू शीने तो मानला नाही. रेन असलेल्या माणसाला जाणीव असते हे खरं, पण जाणीव म्हणजेच रेन असं म्हणालात तर माणसं उतावळी आणि अस्वस्थ होतील, त्यांच्यात खोली राहणार नाही. आणि सगळं एकच शरीर असं नुसतं म्हणत राहिलात तर गोंधळ होईल, परक्याला स्वतः समजाल. रेन म्हणजे शिनचा गुण आणि प्रेमाचं तत्त्व, एवढं तो म्हणतो. मला हे तेव्हा फार कोरडं वाटलं होतं. परीक्षकाचं वाटलं. त्या पानाच्या कडेला मी पेन्सिलीने फुली मारली आहे, ती अजून आहे.

डिसेंबरात नाशिकला गारठा पडला. वर्ष होत आलं होतं. आई आता काठी धरून न्हाणीघरापर्यंत जात होती, पण हाताला संवेदना आली नव्हती. ताई डोळे मिटायला सांगून कधी कापूस लावायची, कधी बोथट टाचणी, आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, "लावलं का? नाही कळलं बाई." कुणाचा हात हे विचारणं तिने सोडलं होतं. माझा आहे असंही कधी म्हणाली नव्हती.

एका रात्री खिडकीची फट राहिली होती. मी दिवा मालवायला उठलो. आईने गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती, आणि डावा हात बाहेर, पलंगाच्या कडेला राहिला होता. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने गोधडीचं टोक धरून ते त्याच्यावर घालायचा प्रयत्न करू लागली. पोचेना. मी पुढे झालो.

"त्याला घाल रे जरा," ती म्हणाली. "गारठला असेल."